अकरा माडांवरून संख्याशास्त्र: पहिल्या संज्ञा, एकेक पायरीने

गोव्यात फोंड्याच्या बाजूला ज्यांचे कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, आहे त्यांना हे दृश्य ओळखीचे आहे. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, एक माड उतरतो, दुसरा चढतो, खाली नारळ धपाधप पडतात आणि घरातले कोणीतरी वहीत एकेका माडापुढे आकडा लिहून ठेवते. अकरावीच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवायला बसलो की मी पुस्तक बाजूला ठेवून आधी अशी वही मागतो. आमच्याकडची बरीच मुले चौथीपर्यंत मराठीत शिकतात, पाचवीपासून इंग्रजीत जातात. मीन, मीडियन, व्हेरिअन्स हे शब्द पुढे येतात तेव्हा ते त्यांना नुसती सूत्रे वाटतात. सूत्र पाठ होते, उत्तरही बरोबर येते. पण हा आकडा काय सांगतो असे विचारले की वर्ग गप्प होतो. ती गप्प बसलेली मुले डोळ्यांपुढे ठेवूनच हे लिहिले आहे. कागद-पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर आकडेमोड करा. नुसते वाचून हा विषय हाताला लागत नाही.

आपल्या वहीतले आकडे असे. उदाहरणासाठी मी ते मुद्दाम सोपे घेतले आहेत. एका पाडपात, म्हणजे नारळ पाडण्याच्या एका फेरीत, अकरा माडांचे मिळालेले नारळ:

१२, ९, १४, ०, ११, १२, ८, १३, ९, १०, १२

पायरी १: आपण कोणाबद्दल बोलतो आहोत?

बेरीज करायच्या आधी हा प्रश्न. समजा कुळागरात एकूण २०० माड आहेत आणि वहीत फक्त अकरांची नोंद आहे. ज्यांच्याबद्दल आपल्याला जाणून घ्यायचे आहे ते २०० माड म्हणजे समष्टी, इंग्रजीत पॉप्युलेशन. प्रत्यक्ष मोजलेले अकरा म्हणजे नमुना, सँपल. पॉप्युलेशन म्हटले की मुलांच्या मनात लोकसंख्या येते. पण समष्टी माडांची असते, होड्यांची असते, एका दिवसात पडलेल्या पावसाच्या नोंदींचीही असते.

सगळ्या २०० माडांची खरी सरासरी हे समष्टीचे प्राचल, पॅरामीटर. ते एकच आणि ठाम असते, फक्त आपल्याला माहीत नसते. अकरा माडांवरून काढलेली सरासरी हे नमुन्याचे मान; इंग्रजीत यालाच एकवचनी स्टॅटिस्टिक म्हणतात. दुसरे अकरा माड घेतले तर ते बदलेल. पुढचा सगळा विषय या दोहोंमधल्या अंतराचा आहे.

समष्टी पूर्ण मोजली तर ती गणना. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ नोंदली गेली. तो अंदाज नव्हता, घरोघरी जाऊन केलेली मोजणी होती. आणि गोव्यातला सगळ्यात गाजलेला 'ओपिनियन पोल', म्हणजे १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल, हासुद्धा संख्याशास्त्राच्या अर्थाने नमुना नव्हता. आज ओपिनियन पोल म्हटले की काही हजार लोकांना विचारून बांधलेला अंदाज डोळ्यांपुढे येतो. तेव्हा मात्र सगळ्या मतदारांना मत द्यायचे होते. संघप्रदेश म्हणून वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा, आणि त्याला नमुन्यातली चूक चिकटलेली नाही.

याच आकड्यांवर टक्केवारीचा एक धडा उरकून घेऊ. वेगळे राहण्याच्या बाजूला किती टक्के मते होती? वैध मते ३,१०,३६१ धरली तर ५५.५ टक्के. बाद झालेली ७,२७२ मते धरून एकूण झालेल्या ३,१७,६३३ मतांत पाहिले तर ५४.२ टक्के. एकूण ३,८८,४३२ मतदारांत पाहिले तर ४४.३ टक्के. तिन्ही उत्तरे खरी आहेत, फक्त छेद निरनिराळा आहे. म्हणून टक्का दिसला की आधी 'कशाचे टक्के?' हे विचारावे. २०११ला गोव्याची साक्षरता ८८.७ टक्के होती असे वाचाल तेव्हा छेदात सात वर्षे आणि त्यापुढचेच लोक आहेत, पाळण्यातली बाळे नाहीत, हे माहीत असायला हवे.

पायरी २: काय मोजले?

माडामाडागणिक बदलणारी गोष्ट म्हणजे चल, व्हेरिएबल. माडाची जात (बाणवली की ठेंगणी) हा गुणात्मक चल. तिथे नाव असते, आकडा नसतो. नारळाची प्रत लहान, मध्यम, मोठी अशी लावली तर तो क्रमवाचक. क्रम आहे, पण 'मोठा उणे मध्यम' किती हे सांगता येत नाही. नारळांची संख्या हा संख्यात्मक आणि खंडित चल. साडेनऊ नारळ पडत नाहीत. नारळाचे वजन हा अखंडित चल, कारण तराजू जितका बारीक तितके वजन बारीक मिळते.

हे वर्गीकरण कंटाळवाणे वाटते, पण पुढे काय करायचे ते यावरून ठरते. जातीची सरासरी निघत नाही. संगणकात बाणवलीला १ आणि ठेंगणीला २ असा संकेतांक दिला, तर संगणक सरासरी १.४ बिनतक्रार काढून देईल आणि तिला काहीही अर्थ नसेल.

पायरी ३: वहीतले शून्य

इथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबतो, आणि तुम्हीही थांबा अशी कळकळीची विनंती आहे.

चौथ्या माडापुढे ० लिहिले आहे. त्याचा अर्थ काय? एक शक्यता अशी की पाडेली वर गेला आणि एकही तयार नारळ मिळाला नाही: भुंग्याने शेंडा पोखरला असेल, माकडांनी आधीच फडशा पाडला असेल. मग ते खरे शून्य, आणि ते आकड्यांत राहिलेच पाहिजे. दुसरी शक्यता अशी की शेंड्याला गांधीलमाश्यांचे पोळे होते, म्हणून पाडेली त्या माडावर चढलाच नाही, आणि लिहिणाऱ्याने रिकामी जागा नको म्हणून ० टाकले. मग ते शून्य नाही, ती गहाळ नोंद आहे; त्या माडावर पंधरा नारळ असू शकतील.

कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. कोणतेही सूत्र हा फरक ओळखत नाही. तो फक्त त्या दिवशी माडाखाली उभ्या असलेल्या माणसाला माहीत असतो. या एका शून्याने पुढच्या प्रत्येक उत्तराचे काय होते ते आपण पाहणार आहोत, म्हणून यापुढची आकडेमोड दोनदा करा: शून्य खरे धरून अकरा माडांची, आणि ते गहाळ धरून दहांची.

पायरी ४: चढत्या क्रमाने लावा

०, ८, ९, ९, १०, ११, १२, १२, १२, १३, १४

एवढ्यानेच निम्मे चित्र दिसते: बहुतेक माड आठ ते चौदामध्ये आणि एक पार खाली एकटा. प्रत्येक आकडा किती वेळा आला ती त्याची वारंवारता: ९ दोनदा, १२ तीनदा. दोनशे माडांची नोंद असती तर ५–९, १०–१४ असे वर्ग पाडून वारंवारता सारणी केली असती आणि तिच्यावरून आयतालेख, म्हणजे हिस्टोग्राम. गुणात्मक चलासाठी स्तंभालेख काढतात, त्यात खांबांमध्ये मोकळी जागा सोडतात. आयतालेखात खांब एकमेकांना चिकटून असतात, कारण खालची मोजपट्टी सलग असते. आलेख आधी काढा, सरासरी नंतर. उलट क्रमाने केले की डोळा आलेखात सरासरीच शोधत बसतो.

पायरी ५: मधोमध कुठे?

मध्य, म्हणजे मीन किंवा रोजच्या बोलण्यातली सरासरी: बेरीज ११०, भागिले ११, उत्तर १०.

मध्यक, म्हणजे मीडियन: क्रमाने लावलेल्यातला बरोबर मधला, सहावा आकडा, ११.

बहुलक, म्हणजे मोड: सगळ्यात जास्त वेळा आलेला, १२.

आता चौथा माड गहाळ धरा. बेरीज तीच ११०, पण माड १०. मध्य ११ झाला. मध्यक पाचव्या आणि सहाव्या आकड्याच्या मधोमध, ११.५. बहुलक १२च राहिला. एका नोंदीने मध्य पूर्ण एका नारळाने हलला, मध्यक अर्ध्यानेच. २०० माडांवर हिशेब केला तर पहिल्या मध्याने २००० नारळ धरावे लागतात, दुसऱ्याने २२००.

टोकाचा आकडा मध्याला आपल्याकडे ओढतो, मध्यक जागचा फारसा हलत नाही. म्हणून पगार, घरांचे भाव, बसथांब्यावर थांबावे लागलेली मिनिटे अशा एका बाजूला लांब शेपूट असलेल्या आकड्यांसाठी मी आधी मध्यक पाहतो. पण मध्यकच नेहमी चांगला असेही नाही. पाडप झाल्यावर एकूण किती नारळ गाडीत भरायचे हे ठरवायचे असेल, तर मध्यच हवा. मध्यक गुणिले माड केल्याने एकूण संख्या मिळत नाही.

आणि काही वेळा दोघेही कामाचे नसतात. गोव्यात वर्षाला ढोबळमानाने ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. बाराने भागले की महिन्याला २५० मिलिमीटर. जानेवारी जवळजवळ कोरडा आणि जुलैत या सरासरीच्या तिप्पट-चौपट. त्या २५०वर विसंबून ना विहीर खोदता येत, ना छप्पर शाकारता येत.

पायरी ६: किती विखुरलेले?

दोन कुळागरांचा मध्य १०च असेल, पण एकात प्रत्येक माडाला नऊ, दहा, अकरा आणि दुसऱ्यात काहींना दोन, काहींना अठरा. हा फरक सांगणारी मापे म्हणजे विचलनाची मापे.

सगळ्यात सोपे माप विस्तार: मोठ्यातून लहान वजा. आपल्याकडे १४ – ० = १४; चौथा माड वगळला तर १४ – ८ = ६. चतुर्थक क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार भाग करतात: अकरांतला तिसरा आकडा ९ हा पहिला चतुर्थक, नववा १२ हा तिसरा. त्यांच्यातले अंतर ३. मधले निम्मे माड तीन नारळांच्या टप्प्यात आहेत, असा त्याचा सरळ अर्थ.

प्रमाण विचलन, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, एकदा तरी हाताने काढा. मध्य १०. प्रत्येक आकड्यातून १० वजा केल्यावर मिळतात:

–१०, –२, –१, –१, ०, १, २, २, २, ३, ४

यांची बेरीज शून्य येते. नेहमीच येते, तुमची आकडेमोड तपासायला ही उत्तम खूण आहे. उणे-अधिकची ही काटाकाट टाळण्यासाठी वर्ग करायचे: १००, ४, १, १, ०, १, ४, ४, ४, ९, १६. बेरीज १४४.

जरा थांबा. १४४पैकी १०० एकट्या चौथ्या माडाचे आहेत.

आता १४४ला ११ने नव्हे, १०ने भागायचे. मुले इथे हमखास अडतात. कारण असे: नमुन्यातले आकडे नमुन्याच्याच मध्याभोवती घुटमळतात, समष्टीच्या खऱ्या मध्यापासून ते सहसा थोडे अधिक दूर असतात. ११ने भागले तर विखुरणे खऱ्यापेक्षा कमी दिसते, म्हणून एकाने कमी संख्येने भागून ती तूट भरतात. उत्तर १४.४, हे प्रचरण, व्हेरिअन्स. त्याचे एकक 'नारळांचा वर्ग', ज्याचे चित्र मनात उभे राहत नाही, म्हणून वर्गमूळ घ्यायचे: ३.७९ नारळ. हे प्रमाण विचलन.

चौथा माड वगळून मध्य ११ धरला तर वर्गांची बेरीज ३४ येते, ९ने भागून ३.७८, वर्गमूळ १.९४. विखुरणे जवळजवळ निम्म्यावर आले.

हे माप किती बोलके असते याचे एक उदाहरण गोव्यातच जन्मलेल्या माणसाचे आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी (जन्म १९०७) गणिताचे अध्यापक होते. तक्षशिलेला सापडलेली प्राचीन चांदीची आहत (ठसे मारलेली) नाणी त्यांनी तराजूवर एकेक करून तोलली. नाणे हातोहाती फिरते तसे झिजते, त्यामुळे जुन्या नाण्यांचे सरासरी वजन कमी होत जाते. पण सगळी नाणी सारखी फिरत नाहीत; एखादे पेटीत पडून राहते, एखादे बाजारभर भटकते. म्हणून काळाबरोबर मध्य घटतो आणि विखुरणे वाढते. या दोन खुणा धरून त्यांनी नाण्यांचे गट कालक्रमाने लावून दाखवले. मध्य आणि प्रमाण विचलन एकमेकांशेजारी ठेवून वाचायचे, हे मी त्या कामावरून शिकलो.

अखंडित चलांत, उदाहरणार्थ एकाच जातीच्या नारळांच्या वजनांत, आयतालेख पुष्कळदा घंटेसारखा दिसतो: प्रसामान्य किंवा नॉर्मल वितरण. तिथे मध्यापासून एका प्रमाण विचलनाच्या आत सुमारे ६८ टक्के आणि दोनांच्या आत सुमारे ९५ टक्के आकडे असतात. आलेख घंटेसारखा नसेल तिथे हा नियम लावू नका.

पायरी ७: अकरांवरून दोनशेकडे

नमुना कसा निवडला यावर सगळे अवलंबून आहे. पाटाच्या कडेचे, पाणी मुबलक मिळणारे माड मोजायला सोपे. पण ते वरच्या कोरड्या टप्प्यावरच्या माडांचे प्रतिनिधी नव्हेत. पाडेलीला 'तूच निवड' म्हटले तर तो लगडलेले माड आधी घेईल. याला अभिनती म्हणतात, इंग्रजीत बायस. उपाय साधा आहे: २०० माडांना क्रमांक घाला, चिठ्ठ्या टाका, अकरा उचला. हा यादृच्छिक नमुना. कुळागर उतारावर असेल तर वरचा, मधला आणि खालचा टप्पा वेगळा करून प्रत्येकातून चिठ्ठ्या काढणे आणखी चांगले. हे स्तरित नमुनाकरण.

अभिनती नमुना वाढवून जात नाही, हे पक्के लक्षात ठेवा. सातारा जिल्ह्यात जन्मलेले थोर संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात पीक कापणीच्या प्रयोगांतून हेच दाखवले. उत्पन्नाचा अंदाज घ्यायला शेतात अगदी लहान तुकडा आखला की त्याच्या रेषेवरची रोपे आत धरण्याकडे हात वळतो आणि उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त निघते. असे हजार लहान तुकडे घेतले तरी प्रत्येकात चूक एकाच दिशेची, म्हणून सरासरीतही ती तशीच राहते.

अभिनती नसली तरी योगायोगाची चूक उरते, आणि ती मात्र मोजता येते. प्रमाण विचलनाला नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळाने भागायचे: चौथा माड गहाळ धरून उरलेल्या दहा माडांसाठी १.९४ भागिले ३.१६, म्हणजे सुमारे ०.६१. ही प्रमाण त्रुटी, स्टँडर्ड एरर. प्रमाण विचलन माडामाडांतला फरक सांगते. प्रमाण त्रुटी आपल्या सरासरीची डळमळ सांगते. ही डळमळ निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो, कारण मध्ये वर्गमूळ आहे.

दहाच माड असताना प्रमाण त्रुटीला संख्याशास्त्राच्या सारणीतून घेतलेल्या २.२६ने गुणायचे (नमुना मोठा असेल तर हा आकडा २च्या जवळ येतो). उत्तर १.३९. म्हणजे खरी सरासरी ९.६ ते १२.४ या पट्ट्यात असावी आणि २०० माडांचे मिळून साधारण १९२० ते २४८० नारळ. हा ९५ टक्के विश्वास-अंतराल. त्याचा अर्थ असा की या रीतीने शंभर वेळा नमुने घेऊन शंभर पट्टे आखले, तर त्यांतल्या सुमारे ९५ पट्ट्यांत खरी सरासरी सापडेल. व्यापाऱ्याशी बोलताना '२२०० नारळ' यापेक्षा हा पट्टा सांगणे अधिक प्रामाणिक आहे.

पायरी ८: दोन गोष्टी एकत्र हलतात तेव्हा

दोन चल एकत्र किती हलतात हे सांगणारा आकडा म्हणजे सहसंबंध गुणांक, इंग्रजीत कोरिलेशन. तो –१ ते +१मध्ये असतो आणि तो फक्त सरळ रेषेतला संबंध मोजतो. माडाला पाणी फार कमी पडले तरी नारळ कमी आणि मुळाशी पाणी तुंबले तरी कमी. इथे संबंध पक्का आहे, पण गुणांक शून्याजवळ येऊ शकतो, कारण रेषा वाकलेली आहे.

आणि सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. जूनमध्ये पाऊस वाढतो आणि बाजारात ताज्या मासळीचा भावही चढतो. पण पावसाचे थेंब काही भाव चढवत नाहीत. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची यांत्रिक होड्यांची मासेमारी बंदी आणि खवळलेला दर्या माल कमी करतात. दोन रेषा एकत्र चढताना दिसल्या की मागे तिसरे काही आहे का ते आधी शोधा.

पायरी ९: खताने खरेच फरक पडला का?

परीक्षेच्या पुस्तकात शेवटी येणारी आणि सगळ्यात घाबरवणारी गोष्ट म्हणजे परिकल्पना चाचणी, इंग्रजीत हायपॉथिसिस टेस्ट. ती चिठ्ठ्यांनी करता येते. सारखे दिसणारे आठ माड घ्या. चिठ्ठ्या टाकून चार निवडा, त्यांनाच गांडूळखत द्या. शून्य परिकल्पना अशी: खताने काहीच फरक पडत नाही. आता समजा पाडपात खतवाल्या चारही माडांना उरलेल्या प्रत्येक माडापेक्षा जास्त नारळ आले. खतात काहीच दम नसता तर हे किती वेळा घडले असते? आठांतून चार निवडण्याच्या रीती ७०. वरचे चार नेमके खताच्या वाट्याला येण्याची रीत एक. म्हणून पी-मूल्य १/७०, सुमारे ०.०१४. एवढा योगायोग क्वचितच घडतो, म्हणून शून्य परिकल्पनेवर शंका घ्यायला जागा आहे.

'खत निरुपयोगी असण्याची शक्यता १.४ टक्के' असे मात्र म्हणू नका. पी-मूल्य 'खत निरुपयोगी आहे' हे आधी गृहीत धरूनच काढलेले आहे. त्या गृहीतकाची स्वतःची शक्यता ते सांगू शकत नाही. ही चूक शिकलेली माणसेही करतात.

हा प्रयोग खरोखर करणार असाल तर घाई करू नका. फुलोरा उमलल्यापासून नारळ तयार व्हायला सुमारे वर्ष लागते, त्यामुळे पुढच्याच पाडपात खताचा गुण शोधण्यात अर्थ नाही. वहीत आजच रकाने आखा: तारीख, माडाचा क्रमांक, टप्पा, जात, खत दिले की नाही, नारळ. आणि शेवटी शेऱ्याचा एक रुंद रकाना ठेवा, म्हणजे ज्या माडावर पाडेली चढला नाही त्याच्यापुढे ० न लिहिता 'पोळे होते, चढला नाही' असे लिहायला जागा राहील.